जाहीर वचन आणि आतले कपाट : संगणकाच्या भाषांतील एक नियम

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास यावा, देणगीदारांचे ऋण मानावे, झालेल्या कार्याचा आढावा घ्यावा, ही रीत आहे. त्या पंगतीत संगणकाच्या भाषांतील एका नियमावरचा पाठ पाहून काही सभासदांस नवल वाटेल. परंतु धार आणि देवास येथील आपल्या घरांतून जी मुले-मुली इंदूर-पुण्याकडे शिक्षणास व नोकरीस जातात, त्यांपैकी पुष्कळांचा उद्योग आज हाच आहे. सुटीत घरी आलेल्या नातवास आजोबांनी विचारावे, "काय रे, दिवसभर करतोस तरी काय?" आणि नातवाने म्हणावे, "कोडिंग, आजोबा", एवढ्यावर बोलणे थांबते. यात दोघांचाही दोष नाही. मधला दुवा सांगणारे कोणी नसते, इतकेच. तो जोडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. आणि विषय आम्ही असा घेतला आहे की, ट्रस्टचे काम पाहिलेल्या माणसास तो संगणकाला हात न लावताही समजावा.

विषय असा : एखादे काम करण्याचे वचन आपण जाहीरपणे पत्करले, म्हणजे ते पार पाडताना बाहेरच्यांसाठी दार किती उघडे ठेवावयाचे आणि किती बंद? संगणकाच्या भाषांत याला 'इंटरफेस'ची अंमलबजावणी करताना प्रवेशाधिकार ठरविणे, असे म्हणतात.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. प्रोग्रॅम म्हणजे संगणकास द्यावयाच्या सूचनांची यादी. पूर्वी माहिती एकीकडे आणि तिच्यावर चालणारी कामे दुसरीकडे, अशी मांडणी असे. प्रोग्रॅम मोठे होऊ लागले तसा हा पसारा आवरेना. १९६० नंतरच्या दशकात नॉर्वेमधील ऑस्लो शहरी ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघांनी सिम्युला नावाची भाषा सिद्ध केली. तिच्यात माहिती आणि त्या माहितीवरची कामे एकत्र बांधण्याची युक्ती होती. अशा बांधणीच्या आराखड्यास क्लास म्हणतात. आराखड्यावरून उभ्या केलेल्या प्रत्यक्ष वस्तूस ऑब्जेक्ट, आणि तिच्या एकेका कामास मेथड. (क्लासला 'वर्ग' म्हणावे तर आमच्या शाळेच्या वर्गाशी घोटाळा होतो; म्हणून येथे क्लासच म्हणू.) आपल्या ट्रस्टच्या कामाचे उदाहरण घेतले तर, शाखा कशी असावी याचा आराखडा हा क्लास, धार येथील प्रत्यक्ष शाखा हे ऑब्जेक्ट, आणि अर्ज घेणे, पावती देणे, रक्कम चुकती करणे या मेथड.

बांधणी झाली तरी आतले झाकून ठेवण्याची सोय मूळ सिम्युलात नव्हती. ती मागाहून आली. ती का हवी, याचे सर्वांत स्पष्ट विवेचन डेव्हिड पार्नस यांनी १९७२ साली एका निबंधात केले. त्यांचा मुद्दा असा की, प्रोग्रॅमचे भाग पाडताना कामाच्या क्रमाकडे न पाहता, उद्या जे बदलण्याचा संभव आहे ते एकेका भागाच्या पोटात झाकावे. म्हणजे बदल झाला तरी त्याची झळ बाहेर लागत नाही. शाखेने हजेरीचा कागद जाऊन संगणकीय नोंद आणली, तरी अर्जदाराला खिडकीवर जी पावती मिळावयाची ती पूर्वीसारखीच मिळाली पाहिजे. देवासकरांस याहून जवळचे उदाहरण हवे तर बँक नोट प्रेसचे घ्यावे. १९७४ साली उभ्या राहिलेल्या त्या छापखान्यातली नोट साऱ्या देशाच्या खिशात जाते. पण तेथेच तयार होणाऱ्या शाईची कृती कोणाच्या खिशात जात नाही, आणि जाऊही नये.

आता जावा या भाषेकडे वळू. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेली ही भाषा १९९५ मध्ये जाहीर झाली, आणि आज बँका, रेल्वे, विमा अशा मोठ्या कारभारांत तिचा वापर सर्वत्र आहे. जावात प्रवेशाच्या चार पायऱ्या आहेत. जुन्या वाड्याची कल्पना केली की त्या चटकन ध्यानात येतात. 'पब्लिक' म्हणजे रस्त्यावर उघडणारा दरवाजा, कोणीही यावे. 'प्रायव्हेट' म्हणजे खोलीतले कुलपाचे कपाट. किल्ली त्या एका क्लासपाशी. या दोहोंच्या मध्ये दोन पायऱ्या आहेत. काहीच शब्द लिहिला नाही तर ती वस्तू वाड्यातील बिऱ्हाडांपुरती, म्हणजे एकाच 'पॅकेज'मधील क्लासेसपुरती मोकळी राहते. आणि 'प्रोटेक्टेड' लिहिले तर वाड्यातील मंडळींना, शिवाय परगावी राहणाऱ्या वारसांनाही ती मिळते. येथे वारस म्हणजे त्या क्लासवरून निघालेले पुढचे क्लास. विद्यार्थी नेमके येथे फसतात. त्यांना वाटते, शब्द न लिहिला म्हणजे 'काही बंधन नाही'. वास्तविक शब्द न लिहिणे हेही एक बंधनच आहे, आणि पुढचा सारा घोळ त्यातूनच उद्भवतो.

इंटरफेस हा याहून निराळा पदार्थ आहे. त्यात कामे कशी करावयाची ते नसते. कोणती कामे केली जातील एवढेच असते. ट्रस्टच्या घटनापत्रासारखे ते समजावे. घटनापत्रात 'गरजू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देणे' असे लिहिलेले असते. अर्ज कोणत्या टेबलावर घ्यावयाचा, कोणत्या रंगाच्या फाइलीत लावावयाचा, हे तेथे नसते. आमच्या वर्गात या पाठासाठी आम्ही शिष्यवृत्तीचेच उदाहरण घेतो. इंटरफेसला नाव 'शिष्यवृत्ती', आणि त्यात तीन कामे : अर्ज घेणे, अर्जाची स्थिती सांगणे, रक्कम देणे. जावात नावे देवनागरीत लिहिण्यास आडकाठी नाही. भाषेचे राखीव शब्द मात्र रोमन लिपीतच टंकावे लागतात. हे मुलांना प्रथम सांगितले की त्यांना मोठी मौज वाटते. उच्चाराप्रमाणे सर्वच देवनागरीत लिहावयाचे तर इंटरफेस असा दिसेल :

पब्लिक इंटरफेस शिष्यवृत्ती {
  बूलियन अर्जघे(अर्ज अ);
  स्ट्रिंग स्थितीसांग(इंट क्रमांक);
  इंट रक्कमदे(इंट क्रमांक);
}

मग विद्यार्थ्यांस सांगावयाचे की, 'धारशाखा' आणि 'देवासशाखा' असे दोन क्लास करा, आणि दोघांकडूनही हे घटनापत्र पाळवून घ्या. मुले लिहू लागतात. इंटरफेसमध्ये मेथडच्या मागे काही शब्द लिहिलेला नाही. म्हणून तीही आपल्या क्लासमध्ये काही लिहीत नाहीत. अगदी तंतोतंत उतरवून काढतात. आणि कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून संगणकाच्या भाषेत उतरविणारा मुनीम, तो परत करतो. शेरा असा : 'अटेम्प्टिंग टू असाइन वीकर ॲक्सेस प्रिव्हिलेजेस; वॉज पब्लिक'. मूळ अधिकार सर्वांसाठी होता, तुम्ही तो कमी करू पाहता, असा त्याचा भावार्थ.

हे कसे घडले? इंटरफेसमध्ये शब्द लिहिला नाही तरी तेथील मेथड आपोआप 'पब्लिक' समजली जाते. घटनापत्र सर्वांनी वाचावयाचे असल्यामुळे तेथे तो शब्द गृहीतच आहे. क्लासमध्ये मात्र शब्द गाळला की अर्थ होतो 'वाड्यापुरती'. म्हणजे तीच ओळ एका कागदावर जाहीर आणि दुसऱ्या कागदावर घरगुती. उतारा तंतोतंत, अर्थ भिन्न.

"सर, नुसते पब्लिक लिहिले की झाले ना?" असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच. झाले, यात शंका नाही. शेरा नाहीसा होतो आणि प्रोग्रॅम चालू लागतो. परंतु या ठिकाणी घाई करू नये, असे आमचे मत आहे. कारण ज्याला 'का' कळले नाही, तो पुढे भलत्याच ठिकाणी तोच शब्द लिहीत सुटतो. ते कसे, हे खाली येईलच.

'का' याचे उत्तर असे आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयाने आपला प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यात 'शिष्यवृत्ती देणारी कोणतीही शाखा' एवढेच गृहीत धरले. ती धारची की देवासची, हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक असण्याची गरजही नाही. त्याने घटनापत्र वाचले, त्यात 'स्थिती सांगणे' हे काम जाहीर आहे असे पाहिले, आणि त्या विश्वासावर विचारणा केली. आता देवासशाखेने 'स्थिती आम्ही फक्त आमच्या वाड्यातल्यांस सांगू' असे आतल्या आत ठरविले तर? विचारणाऱ्याने नियमानेच विचारले. त्याला नकार मिळावयाचा तो ऐन वेळी, प्रोग्रॅम चालू असताना. ही आपत्ती येऊ नये म्हणून जावा अगोदरच, कागद तपासतानाच, अशा शाखेला मान्यता नाकारते. घटनापत्राच्या जागी शाखा ठेवली तर काही बिघडता कामा नये, हे यामागचे तत्त्व. ते बार्बरा लिस्कोव्ह या अमेरिकन विदुषीने १९८७ मध्ये एका व्याख्यानात मांडले आणि १९९४ मध्ये जनेट विंग यांच्यासह शास्त्रशुद्ध रीतीने लिहिले. लिस्कोव्ह यांना २००८ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. संगणकशास्त्रात याहून मोठा सन्मान नाही.

अधिकार वाढविण्यास मात्र मनाई नाही. मूळ क्लासमध्ये जे 'प्रोटेक्टेड' होते ते वारसाने 'पब्लिक' केले तर चालते. घटनापत्रात दवाखाना आठवड्यातून दोन दिवस उघडा ठेवण्याचे लिहिले असेल आणि शाखेने तो चार दिवस उघडला, तर कोण तक्रार करील? दोनाचा एक केला तर मात्र प्रश्न येतो. दानधर्माच्या व्यवहारास हा नियम नवा नाही. वक्फनाम्यात वाकिफाने ज्या अटी लिहून ठेवल्या त्या मुतवल्लीला आपल्या सोयीने आखडता येत नाहीत, हे फिकहच्या ग्रंथांतून जुन्या काळापासून सांगितले आहे. १९५१ च्या मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाच्या विश्वस्तांसही नोंदलेला उद्देश बाजूस ठेवून चालता येत नाही. जावाच्या निर्मात्यांनी हे कायदे पाहिले असतील असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्या भरवशावर दुसरा माणूस चालला आहे ते वचन, पाळणाऱ्याने मागाहून लहान करू नये, हा विचार दोन्हीकडे एकच आहे.

येथवर उघडे ठेवण्याचा भाग झाला. आता बंद ठेवण्याचा. आणि आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा भाग हाच आहे.

शिष्यवृत्तीच्या शाखेला घटनापत्रातील तीन कामे करण्यासाठी आतली आणखी पाच-सहा कामे करावी लागतात. त्यांतले एक 'उत्पन्नतपास'. अर्जदाराच्या घरचे वार्षिक उत्पन्न किती, मिळवते कोण, कर्ता पुरुष हयात आहे की नाही, दाखला खरा की खोटा, हे पाहून ते 'पात्र' किंवा 'अपात्र' एवढा निर्णय रक्कम देणाऱ्या मेथडकडे पाठविते. वर सांगितलेला शेरा दोन-तीनदा खाल्लेला विद्यार्थी काय करतो? तो कंटाळून प्रत्येक ओळीच्या मागे 'पब्लिक' लिहून टाकतो. कंपायलर समाधानी होतो. त्याची तक्रार फक्त अधिकार कमी केल्याबद्दल असते. गरजेहून अधिक दिल्याबद्दल तो चकार शब्द काढीत नाही. आणि अशा रीतीने एखाद्या विधवा भगिनीच्या घरचे उत्पन्न, जे तिने शेजारणीलाही सांगितले नव्हते, ते महाविद्यालयाच्या, बँकेच्या, उद्या कोणाच्याही प्रोग्रॅमला विचारता येऊ लागते. शिष्यवृत्ती मागणाऱ्याने आपली गरिबी ट्रस्टपाशी अमानत म्हणून ठेवलेली असते. ती खिडकीवर मांडण्याचा अधिकार कोणी दिला? म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतो की, आरंभी प्रत्येक मेथड 'प्रायव्हेट' लिहावी, आणि जिला उघडी करण्याचे कारण सांगता येईल तीच उघडी करावी. घटनापत्रातल्या तिघींचे कारण घटनापत्रातच आहे. उत्पन्नतपासाला ते कारण सापडत नाही. ती कपाटात राहते.

दोन्ही शाखांना लागणारे एखादे लहानसे काम असते. उदाहरणार्थ अर्जक्रमांकाचे अंक बरोबर आहेत की नाहीत ते पाहणे. ते दोन्हीकडे लिहिण्यापेक्षा घटनापत्रातच लिहून ठेवावे, असा मोह होतो. २०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीत इंटरफेसमध्ये करून ठेवलेली कामे घालण्याची मुभा मिळाली; पण तीही जाहीरच असत, त्यामुळे घरातले साधन रस्त्यावर दिसू लागले. २०१७ च्या नवव्या आवृत्तीत इंटरफेसच्या आतही 'प्रायव्हेट' मेथड लिहिता येऊ लागल्या, तेव्हा ही अडचण सुटली. या खाजगी मेथडचा उपयोग इंटरफेसमधल्या इतर मेथडनाच होतो. शाखेला तिचे नावही घेता येत नाही.

याहून कुशल युक्ती म्हणजे सबंध क्लासच लपविणे. मेथड 'पब्लिक' असली पाहिजे. परंतु क्लासही 'पब्लिक' असला पाहिजे असे कोठे आहे? इंटरफेस जाहीर ठेवावा, 'देवासशाखा' हा क्लास वाड्यापुरता ठेवावा, आणि मागणाऱ्याच्या हाती ऑब्जेक्ट द्यावयाचे ते 'ही एक शिष्यवृत्ती देणारी शाखा' एवढ्याच ओळखीने द्यावे. त्याला घटनापत्रातली तीन दारे दिसतात. चौथे असेल, पण त्या क्लासचे नावच त्याला उच्चारता येत नसल्यामुळे ते मागता येत नाही. स्वतः जावाच्या ग्रंथालयात ही युक्ती आहे. 'ॲरेज' नावाच्या क्लासमधील 'ॲझलिस्ट' ही मेथड आपणांस एक यादी देते. ती यादी ज्या क्लासची असते तो 'ॲरेज'च्या पोटातला एक प्रायव्हेट क्लास आहे; त्याचे नाव 'ॲरेलिस्ट', म्हणजे सर्वपरिचित जाहीर क्लासचेच नाव, पण माणूस दुसरा! लक्षावधी प्रोग्रॅमर त्याचा रोज उपयोग करतात आणि त्यांतील पुष्कळांची त्याच्याशी ओळखही झालेली नसते. 'लिस्ट' या इंटरफेसने ठरवून दिलेल्या दारातून व्यवहार होतो आणि सर्वांचे भागते.

आता वेगवेगळ्या भाषांचे स्वभाव पाहू. कारण सर्व भाषा जावाइतक्या कडक नाहीत.

डेन्मार्कमध्ये जन्मलेले ब्यार्न स्ट्रोस्ट्रुप यांनी घडविलेली सी प्लस प्लस ही भाषा १९८५ मध्ये बाजारात आली. तिच्यात वचन देणारा मूळ क्लास मेथडला 'पब्लिक' म्हणतो आणि वारस तिला 'प्रायव्हेट' करू शकतो. कंपायलर हरकत घेत नाही. मग वचन मोडले काय? नाही. ज्याच्याजवळ मूळ क्लासच्या ओळखीने ते ऑब्जेक्ट आहे, तो ती मेथड खुशाल हाक मारून बोलावतो आणि वारसाची खाजगी मेथड निमूटपणे धावत येते. कारण त्या भाषेत अधिकाराची तपासणी, तुम्ही कोणत्या नावाने हाक मारली त्यावर होते. प्रत्यक्ष ऑब्जेक्ट कोणाचे निघाले त्यावर होत नाही. वारसाने लावलेली 'खाजगी' पाटी फक्त त्याच्या स्वतःच्या नावाने येणाऱ्यांना अडविते.

हाक कोणत्या नावाने मारली यावर दार उघडणे, ही गोष्ट देवासच्या जुन्या मंडळींस समजावून सांगण्याची गरज नसावी. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंपासून देवासास दोन गाद्या झाल्या : थोरली पाती आणि धाकटी पाती. नगर एक, राजे दोन, दोघांचे राजवाडे वेगळे, आणि दोघांनाही तोफांची सलामी सारखीच, पंधरा-पंधरा. मुख्य रस्त्याची एक बाजू एका कारभाराखाली आणि समोरची दुसऱ्या. पाणीपुरवठ्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन बाजूंस निरनिराळी असे. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये काही महिने खाजगी चिटणीस होते, आणि त्या दिवसांवरचे त्यांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा दुहेरी संसार चालला.

आता असे पाहा. 'थोरलीपाती' आणि 'धाकटीपाती' असे दोन इंटरफेस आहेत; दोहोंत 'पाणीपुरवठा' नावाची मेथड आहे; आणि 'देवासनगर' या एकाच क्लासने दोन्ही घटनापत्रे पत्करली आहेत. जावात हे लिहिले तर नगरात 'पाणीपुरवठा' ही एकच मेथड राहील आणि तीच दोघांची समजली जाईल. मग रस्त्याच्या दोन बाजूंस दोन व्यवस्था दाखविणे शक्य नाही! मायक्रोसॉफ्टची सी-शार्प ही भाषा, जी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मात्र हे सहज साधते. तेथे मेथडचे नाव लिहिताना 'थोरलीपाती.पाणीपुरवठा' असे इंटरफेसच्या नावासकट लिहितात, आणि खाली 'धाकटीपाती.पाणीपुरवठा' अशी दुसरी. यांच्यामागे 'पब्लिक' वा 'प्रायव्हेट' काहीच लिहावयाचे नाही; लिहिले तर चूक धरली जाते. आता कोणी नुसते 'देवासनगर, पाणी दे' म्हटले तर उत्तर मिळत नाही. तशी मेथड नगराच्या नावावर नाहीच. थोरल्या पातीच्या नावाने आला तर त्या बाजूचे पाणी, धाकट्या पातीच्या नावाने आला तर या बाजूचे. या रीतीस स्पष्ट अंमलबजावणी म्हणतात.

स्पष्ट अंमलबजावणी ही लपविण्याची रीत आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. मेथड क्लासच्या नावावर दिसत नाही हे खरे. परंतु ज्याला इंटरफेसचे नाव ठाऊक आहे आणि ते घेण्याची मुभा आहे, तो ऑब्जेक्टला त्या नावाने हाक मारून आत येऊ शकतो. खरोखरी आतल्यांपुरते काम ठेवावयाचे असेल तर इंटरफेसच 'इंटर्नल', म्हणजे आपल्या कारखान्यापुरता, जाहीर करावा आणि त्याची स्पष्ट अंमलबजावणी करावी. मग बाहेरच्याला क्लास दिसतो, पण हाक मारावयाचे नावच ठाऊक नसते.

सीबीएसईच्या अकरावी-बारावीस संगणकशास्त्र घेणाऱ्या मुलांना आज पायथन शिकवितात. त्या भाषेत कुलूप नाहीच, असे म्हटले तरी चालेल. नावाच्या आरंभी एक अधोरेषा घातली की समजावयाचे, 'हे आतले आहे, कृपा करून हात लावू नये'. दोन अधोरेषा घातल्या तर भाषा त्या नावाला आतून क्लासचे नाव जोडते, इतकेच. ज्याला ठाऊक आहे तो पोचतोच. सभ्य घरात दाराला नुसता पडदा असतो, तसा हा प्रकार. पायथनवर वाढलेले मूल पुढे जावात आले की त्याला सारे फार जाचक वाटते. पालकांनी ते मनावर घेऊ नये. काही महिन्यांत सवय होते.

एक गोष्ट विश्वस्त मंडळींसाठी वेगळी सांगितली पाहिजे. 'प्रायव्हेट' लिहिले म्हणजे माहिती चोरापासून सुरक्षित झाली, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. ही पाटी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी एकमेकांसाठी लावलेली असते. घाईने वा अज्ञानाने कोणी भलत्या कपाटात हात घालू नये म्हणून. माहितीची वहीच कोणी उचलून नेली तर ही पाटी काही करू शकत नाही. त्यासाठी संकेतशब्द, माहिती गूढ लिपीत ठेवणे, कोणी केव्हा काय पाहिले याची नोंद, ही वेगळी तजवीज करावी लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. तेव्हा शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर घेणाऱ्या लहान संस्थांनीही ही तजवीज पाहिलेली बरी. तरीही आतली शिस्त निरुपयोगी ठरत नाही. आमच्या पाहण्यात, गरिबाच्या घरची माहिती बाहेर फुटते ती चोरापेक्षा हलगर्जीपणानेच अधिक. कोणी यादी छापून भिंतीवर चिकटवितो, कोणी सगळीच फाइल पुढे पाठवितो.

ज्या घरी कोणी हा विषय शिकत आहे, तेथे सुटीत सोडविण्यासाठी एक उदाहरण देतो. शाखेचे हिशेब तपासण्यास दरवर्षी ऑडिटर येतात. त्यांना दिलेली प्रत्येक रक्कम आणि तिच्यासमोरचा अर्जक्रमांक दिसला पाहिजे. अर्जदार पात्र ठरला होता की नाही हेही दिसले पाहिजे. पण उत्पन्नाचा आकडा आणि घरची हकीकत दिसता कामा नये. ऑडिटरचा प्रोग्रॅम आपल्या पॅकेजबाहेर, त्यांच्या कचेरीत लिहिला जातो. त्यांची ही कामे 'शिष्यवृत्ती' या इंटरफेसमध्ये वाढवावी काय? वाढविली तर महाविद्यालयालाही ती आपोआप मिळतील. वेगळा 'हिशेबतपासणी' इंटरफेस करावा म्हटले, तर तो वाड्यापुरता ठेवून ऑडिटरला दिसणार नाही, आणि 'पब्लिक' करून त्याचे नाव सर्वांनाच कळेल. अशा स्थितीत ऑब्जेक्ट कोणाच्या हाती, कोणत्या ओळखीने द्यावे, आणि त्या दोन ओळखी एकाच क्लासने पत्कराव्या की दोन वेगळ्या क्लासांनी? जो विद्यार्थी एकच क्लास ठेवील त्याने हे तपासावे की, महाविद्यालयाच्या हाती गेलेल्या ऑब्जेक्टला कोणी 'हिशेबतपासणी' या नावाने हाक मारली तर ते ओ देते काय. उत्तर जावात आणि सी-शार्पमध्ये दोन्ही प्रकारे लिहून पाहावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांस ते मराठीत समजावून सांगावे.